हळदीचं पथ्य

लोक विचारच करत नाहीत, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी ते म्हणतंच. मोबाईलवर कुठलीतरी बातमी वाचायची, चहाचा घोट घ्यायचा आणि सुस्कारा सोडायचा, की आपल्या लोकांना तर्क म्हणून काही नाहीच. मी वडवणीला विज्ञान शिकवतो. त्यामुळे मान डोलवायची पहिली जबाबदारी माझी, असं सगळ्यांना वाटतं. मी डोलवत नाही. माझ्या आईइतका चोख विचार करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, आणि त्या चोख विचारापायीच माझी धाकटी बहीण गेली.

आई चौथीपर्यंत शिकलेली. गाव आष्टी तालुक्यात, कडा या बाजाराच्या गावापासून थोडं आत. वडील मी कॉलेजात असतानाच वारले, तेव्हापासून घर, रान, जनावरं सगळं तिनंच पाहिलं. एकदा चुलते म्हैस घ्यायला निघाले, ते तिला बरोबर घेऊन गेले. म्हशीची कास तट्ट भरलेली, व्यापारी बोलघेवडा, चुलते खूश. आईनं कासेकडं पाहिलंच नाही. ती लांब बांधलेल्या रेडकाकडं बघत राहिली. रेडकू दावं तोडायच्या बेतात होतं. परत येताना तिनं सांगितलं, काल सांजची धार मुद्दाम काढलेली नाही, रेडकालाही पाजलेलं नाही, म्हणून कास भरलेली दिसते. चुलत्यांनी तोंड वाकडं केलं, पण म्हैस घेतली नाही.

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव ओढ्यात सोडले, आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. नवस, अंगारा, गंडादोरा यांतलं काही आई उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. शेजारणीच्या पोराला फणफणून ताप आला आणि ती लिंबू उतरवायला निघाली, तेव्हा आईनं तिच्या हाताला धरून तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. हे मी कौतुकानं सांगतोय असं वाटेल. कौतुक आहेच. पण राग त्याहून जास्त आहे, आणि तो कुणावर काढावा हे मला अजून कळलेलं नाही.

मी पाचवीत असताना मला कावीळ झाली होती. डोळे पिवळे पडले, भाकरीचा वास सोसेना. कड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर काविळीचं औषध देणारे एक म्हातारबा होते. आई मला पाठुंगळी घेऊन तिथं गेली. त्यांनी माझ्या तळहातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्यानं भरलेल्या ताटात माझे हात धुतले. बघता बघता पाणी पिवळंधमक झालं. ती माझी कावीळ, असं ते म्हणाले. मग पाल्याचा कडू रस पाजला. रविवार, बुधवार आणि पुन्हा रविवार, असे तीन वार करायचे. तोवर तेल, तिखट आणि हळद वर्ज्य. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पैसे घेतले तर औषधाचा गुण जातो, असा त्यांच्या घराण्याचा नेम होता. मी बरा झालो.

पुढं बी.एस्सी.ला असताना मी आईला शहाणपणा शिकवायला गेलो. लहान पोरांची कावीळ बहुतेक वेळा आपोआपच जाते, त्या रसानं काही झालेलं नाही, असं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, तुझी कावीळ औषध घेऊन गेली का न घेता? घेऊन, मी म्हणालो. मग न घेता गेली असती हे तुला कसं ठाऊक, तिनं विचारलं. मी खूप बोललो, पण या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हा सरळ उत्तर नव्हतं. आजही तिला पटेल असं उत्तर माझ्याकडं नाही.

बहीण माझ्याहून बरीच लहान. वडील गेले तेव्हा ती अजून फ्रॉक घालत होती. मला ती दादा म्हणायची, आणि चिडवायचं असलं की गुरुजी. मी गावाहून वडवणीला निघालो की बस कड्यातून सुटायच्या आत तिचा फोन यायचा, खिडकी मिळाली का म्हणून. नाही म्हटलं तर उतरून दुसऱ्या गाडीनं जा म्हणायची, जशा काही तिथून गाड्यांच्या रांगा सुटतात. लग्न होऊन नगरकडं गेली तरी ती सवय सुटली नाही. पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणं ती माहेरी आली, सातवा महिना लागला होता. आई तिला नेमानं आरोग्य केंद्रात तपासायला न्यायची, लोहाच्या गोळ्या समोर बसून गिळायला लावायची. मी अधूनमधून व्हिडिओ कॉल करायचो. पोटावर वाटी ठेवून, बाळानं लाथ मारली की ती कशी हलते, हे ती मला दाखवायची.

एका कॉलवर मला तिचे डोळे पिवळसर दिसले. ती म्हणाली, बल्ब तसला आहे. आईनं फोन घेतला आणि सांगून टाकलं की कावीळ आहे, वस्तीवर जाऊन आलोय, एक वार झाला. म्हातारबा आता नाहीत, त्यांचा मुलगा औषध देतो.

त्या दिवशी मी आईशी जेवढा भांडलो तेवढा जन्मात भांडलो नव्हतो. गरोदरपणातली कावीळ वेगळी असते, जिवावर बेतते, तिला आत्ताच्या आत्ता जीपनं नगरला घेऊन जा, म्हणून मी ओरडत होतो. शेवटी मला रडू फुटलं. आईचा आवाज मात्र एकदाही चढला नाही. ती म्हणाली, काविळीवर आमच्याकडं खास औषध नाही, असं डॉक्टरच सांगतात, मग न्यायचं कशाला? पोटुशीला न विचारता एकही गोळी द्यायची नाही, असं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनंच बजावलंय, आणि दवाखान्यात नेलं की ते सुया-सलाइन लावणार. इकडं हा माणूस दमडी घेत नाही, त्याला खोटं बोलून काय मिळायचं? आणि हे सगळं राहू दे.

"तूच न्हाई का बरा झालास? तुला मी पाठीवर न्हेलंय. माझ्या डोळ्यांनी बगितलंय."

ती जे जे बोलली ते खरं होतं. माझ्या शाळेतला एखादा पोरगा एवढं मुद्देसूद बोलला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. आणि तिच्या हातातला सगळ्यात पक्का पुरावा मी होतो. मी तिच्यासमोर जिवंत होतो, नोकरी करत होतो, भांडत होतो. एवढा धडधाकट पुरावा मी स्वतःच कसा खोडणार होतो? शेवटी ती एवढंच कबूल झाली की रविवारी तिसरा वार झाला की सोमवारी नगरला दाखवू. औषध अर्धवट सोडलं की कावीळ उलटते, असं तिला वस्तीवर सांगितलं होतं.

बुधवारनंतर बहीण झोपूनच राहायला लागली. मी फोन केला की आई हळू आवाजात सांगायची, गाढ झोपलीय, गुण येतोय. लेकीला मळमळीनं झोप नव्हती, आता झोप लागतीय, तेव्हा औषध लागू पडतंय. यातही तुम्हाला चूक दाखवता येणार नाही. मला आली, कारण लिव्हर निकामी व्हायला लागलं की येणाऱ्या गुंगीबद्दल मी वाचलं होतं; शनिवारची सकाळची शाळा करून स्वतःच गावी जायचं मी ठरवलं. शनिवारी सकाळी मी वर्गात असताना बहिणीचाच फोन आला. मी हॅलो म्हणालो, तर ती मला आबा म्हणाली. आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ती म्हणत होती, आबा, शेरडं सोडू नका, मी येतीय.

मी तसाच स्टँडकडं निघालो. पोहोचायच्या आतच आईचा फोन आला, की पोरगी वेड्यावानी बोलतीय, जीप सांगितलीय, आम्ही नगरला निघालो. हे मला मुद्दाम सांगायचंय. पुरावा बदलला तशी तिनं घटकाभराची वाट पाहिली नाही. तिसऱ्या वाराचं नावही काढलं नाही. हट्टी माणसं अशी वागत नसतात.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बाळाचे ठोके थांबले होते. बहिणीनं मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती, तिचा जावई तिच्या शेजारी भिंतीला टेकून रडत होता. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर बरीच आशा होती. मी ते आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

तिच्या जलदानविधीला माणसं जमली. औषधाला कुणी नाव ठेवलं नाही. प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी त्या औषधानं बरं झालेलं एक माणूस होतं, आणि ती माणसं खरीच होती. जी बरी झाली नाहीत ती सांगायला कशी येणार?

पुढच्याच आठवड्यात मी त्या वस्तीवर गेलो. कशाला गेलो ते माहीत नाही, बहुधा त्या माणसाला मारायलाच. तो माझ्याच वयाचा निघाला. बहीण गेल्याचं ऐकून हळहळला, पाण्याचा तांब्या पुढं केला. मी म्हणालो, माझे हात धुवा. त्यानं मुकाट्यानं रस चोळला, चुन्याचं पाणी केलं. माझ्या निरोगी हातांनी पाणी तसंच पिवळंधमक झालं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो ओशाळला नाही. काळजीनं माझे डोळे निरखत तो म्हणाला, "सर, तुमच्या बी अंगात हाय की थोडी. तुमी रविवारी या." त्याच्या आवाजात लबाडी असती तर बरं झालं असतं. निघताना त्यानं खाली मान घालून विचारलं, पोरीनं पथ्य पाळलं होतं ना? मी गाडीला किक मारली. हाच प्रश्न त्यानं पुढं आईलाही फोनवर विचारला, हे मला नंतर कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. आईनं ताटात वाढलेलं वरण पांढरं होतं. भाजीही पांढरी, नुसती मीठ घालून उकडलेली. मी हळदीचा डबा शोधायला उठलो, तर घरात हळदच नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, मला चालत नाही आता. डॉक्टरनं सांगितलं का, तर नाही म्हणाली. मी जेवण थांबवून तिच्या समोर बसलो.  मग तिनं सांगितलं.

मंगळवारी बहिणीला धपाटे खावेसे वाटले होते. ज्वारीच्या पिठाचे, हळद-तिखट घातलेले, तव्यावर तेल सोडून भाजलेले. आईनं आधी नाही म्हटलं, पथ्य आहे म्हणून. बहीण कुशीवर वळली. पण पोटुशीचे डोहाळे मोडायचे नसतात. डोहाळे मोडले तर बाळाला बाधतं, हे आईनं तिच्या आईकडून ऐकलेलं. एकीकडं लेकीचं पथ्य, दुसरीकडं पोटातल्या बाळाचा हक्क. आईनं दोन्ही तोलून पाहिलं आणि एकच धपाटं केलं, हळद चिमूटभर, तेल बोटभर. बहिणीनं ते दह्याबरोबर खाल्लं आणि म्हणाली, आता बरं वाटतंय.

"त्येच्यानंच गेली ना रं ती?" आईनं विचारलं.

मी विज्ञान शिकवतो. खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका धपाट्यानं कुणी मरत नाही, आई. पण पुढची पायरी विचारल्याशिवाय आई थांबत नाही, हे मला आयुष्यभर माहीत होतं. धपाट्यानं नाही, तर मग कशानं, हे ती विचारणारच होती. त्या प्रश्नाचं उत्तर मला नगरच्या दवाखान्यात मिळालं होतं, आणि ते एका धपाट्यापेक्षा कितीतरी जड होतं. म्हणून मी खोटं बोललो. म्हणालो, धपाट्यानं काही होत नसतं. तो आजारच तसला होता. आपण तिला पहिल्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं, तरी ती वाचली नसती. डॉक्टरच तसं म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते.

"मग तू त्या दिशी फोनवर कशापायी रडत व्हतास? आत्ताच्या आत्ता न्ये म्हणून?"

 मी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. माझ्या गप्प बसण्यातून तिला काय कळायचं ते कळलं. मी तिला एवढी एकटी कधी पाहिली नव्हती, वडील गेले तेव्हाही नाही. ती उठली नाही, रडली नाही. माझ्या ताटातलं पांढरं वरण गार होत होतं, ते तिनं माझ्याकडं सरकवलं.

"धपाट्यानंच गेली म्हण," ती म्हणाली. "तेवढंच म्हण, बाळा."

मी म्हणालो, हो आई, धपाट्यानंच गेली.