अर्धा चेंडू आणि न लावलेली कडी

आज बाबांना जाऊन वर्ष झालं, आणि माझा त्यांच्यावरचा संशय अजून गेलेला नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. आचऱ्याचे. सगळा जन्म होडीत गेला.

आणि मी जात्याच संशयी. मालवणात लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट दोनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. घरी आल्यावरही ही खोड सुटत नाही, हे नवऱ्याला विचारा.

गेल्या वर्षी मायक्रोस्कोपवर वाकून वाकून माझी कंबर धरली. डॉक्टर म्हणाल्या, कोअर स्ट्रेंथ अजिबात नाही तुझी, बॅलन्स ट्रेनर घे.

ऑनलाइन मागवला. खाली सपाट प्लास्टिक, वर निळा रबरी घुमट. त्यावर उभं राहून तोल सांभाळायचा. बस्स.

बाबा काठी टेकत त्याच्याभोवती फिरले. शिमग्याच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत चालायचे. व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवायचे.

"ह्यां काय हाडलंस गो?"

"चेंडू, बाबा. कंबरेच्या व्यायामाक."

"मगे बाकीचो अर्धो खंय गेलो? फसवल्यान तुका."

मग अंगठ्याने दाबून बघितलं. "आत नुसतो वारो आसा. वाऱ्यार भरवसो ठेवन आमी कधी होडी काढूक नाय."

विषय संपला. चेंडू मागच्या खोलीत गेला.

आणि मग घरात काहीतरी शिजायला लागलं.

मी चेंडू खोलीच्या मधोमध ठेवून कामाला जायची. परत येईपर्यंत तो खिडकीच्या गजांपाशी सरकलेला असायचा. निळ्या रबरावर खोबरेल तेलाचे डाग. आणि स्वयंपाकघरातला एक नारळ दुपारी गायब व्हायचा, संध्याकाळी जागेवर.

चोर वस्तू परत आणून ठेवत नाही. म्हणून तर संशय जास्त.

मी आधी आईंना, म्हणजे सासूबाईंना विचारलं.

"माज्यार कित्याक डोळे वटारतंस? माजरान नेलो आसतलो."

मांजराने. सोललेला नारळ. मी नवऱ्यावर संशय घेतला, शेजारणीवर घेतला. बाबांवर मात्र घेतला नाही, कारण काठीशिवाय ते अंगणातसुद्धा उतरत नव्हते.

एका दुपारी कामावरून लवकर आले तर मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं. फटीतून बघितलं.

बाबा चेंडूवर उभे.

व्हिडिओत दाखवतात तसे पाय शेजारी ठेवून नाही. एक पुढे, एक मागे, होडीत उभं राहतात तसे. होडीच्या ओल्या फळीसारखं निसरडं व्हावं म्हणून तळव्यांना तेल चोळलेलं, एक हात खिडकीच्या गजावर, दुसऱ्या हातात नारळ. डावा पाय थरथरत होता. चेहरा असा, की समोर भिंत नाहीच.

मी आत गेले नाही. ओरडलेही नाही. का, ते सांगते.

आमच्या घरची रीत आहे. नारळी पौर्णिमेला घरातला थोरला होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहतो आणि दोन्ही हातांनी दर्याला नारळ देतो. त्याला कोणी धरायचं नाही. धरावं लागलं तर मान खालच्या भावाकडे जातो, आणि गेलेला परत येत नाही. त्या वर्षी धाकट्या काकांनी नारळ द्यायचा, हे बाबांना न विचारताच सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी घरात बोलले असते तर चेंडू त्याच दिवशी माळ्यावर गेला असता.

मग मी रोज दुपारी लवकर येऊन दाराआड उभी राहू लागले. पडले तर धावायचं, म्हणून चप्पल काढून. हळूहळू गजावरचा हात सुटून नुसतं बोट राहिलं. मग बोटही सुटलं. मग नारळ दोन्ही हातांत.

पौर्णिमेला सगळे किनाऱ्यावर. होडी पाण्यात हलत होती. काका पुढे झाले.

"दादानू, तुमी खुर्चेर बसा. यंदा मी दितंय."

बाबांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

"काकानू," मी म्हटलं, "बाबांकाच जावंदेत."

"आणि पडले तर?"

"पडाचे नाय. मी सांगतंय."

सुनेने असं मध्ये बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. काका मात्र बाजूला झाले. लॅबवाली उगाच सही करत नाही, हे त्यांनाही ठाऊक.

बाबांना होडीत चढवलं, आणि सगळ्यांनी हात काढून घेतले. टोकावर ते एकटे उभे राहिले, एक पाय पुढे, एक मागे. लाट आली. होडी वर गेली, खाली आली. आई पदर तोंडात धरून उभ्या.

बाबा डुलले. पडले नाहीत.

दर्याने नारळ घेतला.

परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "दाराआड वाकान वाकान तुजी कंबर दुखूक नाय मा गो?"

दिवाळीच्या आधी झोपेतच गेले.

आता माझा संशय सांगते.

माझ्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका आहे. मी आले की अख्ख्या वाडीला कळतं. बाबांचे कान तर वारा कुठून वळला ते सांगणारे. आणि दुसऱ्याने मारलेली गाठसुद्धा स्वतः ओढून बघणारा हा माणूस, त्या दाराला आतून कडी असताना ती लावायला रोज विसरला?

मी उभं राहू शकतो, असं त्यांनी स्वतः सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं माणूस लागत होतं. आणि घरात दोनदा तपासणारी मी एकटीच.

तुम्ही मला निवडलंत, बाबा. माझी खात्री आहे.

यंदा नारळ काकांनी दिला. चेंडू अजून खिडकीपाशीच आहे, मी सरकवलेला नाही. रोज त्यावर उभी राहते, एक पाय पुढे, एक मागे.

दाराला कडी लावत नाही.

होडीवर जाताना 'येतंय' म्हणूनच निघायचात ना नेहमी? मग तसंच. येवा, बाबा.