धसईच्या डोंगरातला गवती कॅम्प

कॅम्पवर पाहुणे चष्मे विसरतात, चपला विसरतात. एकदा तर एक साहेब सासूबाईंनाच विसरून मुरबाडपर्यंत पोचले होते! ते सगळं नंतर कुणीतरी येऊन घेऊन जातं. किस्से मात्र इथंच राहतात. इतकी वर्षं मॅनेजरकी केली, आता माझ्याकडे दुसरं आहे तरी काय!

धसईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी विद्याताईंनी हा जंगल कॅम्प काढला ते नव्वदचं दशक. ताई मुंबईच्या आर्किटेक्ट. पण इथं सिमेंटचं एक पोतं येऊ दिलं नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचं लिंपण आणि वर गवताचं छप्पर.

जेवणघर बांधायला घेतलं, तर मधोमध मोहाचं झाड. मिस्त्री म्हणाला, "ताई, पाडून टाकू. अर्ध्या दिवसाचं काम."

"बरं. आणि परत उभं करायला किती दिवस लागतील?"

मिस्त्रीनं गुपचूप छपराला झाडापुरतं भोक ठेवलं!

चैत्रात त्या भोकातून मोहाची फुलं थेट ताटात. एका बाई किंचाळल्या, "अहो, पोह्यांत काय पडलं हे?"

आमच्या स्वयंपाकीण कमळामावशी खालच्या वाडीतल्या. चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "बिगीनं खा, माकडांनी अजून बघितलं नाय!"

•

जाहिरातीत 'सफारी' वाचून ठाण्याचे एक गृहस्थ आले. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हॅट. "जीप कुठाय?"

ताईंनी त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं. "ही काय. पेट्रोलसुद्धा लागत नाही."

गृहस्थ तणतणत पायीच जंगलात निघाले. दुपारी परतले ते थेट ऑफिसात. "ताई, उद्या परत जंगलात किती वाजता निघायचं?"

•

कॅम्पच्या संडासात फ्लश नाही. राखेची बादली आणि एक डबा. काम झालं की वरून राख टाकायची. खड्डा भरला की बंद करायचा आणि पुरतं खत झालं की झाडांना घालायचं.

एका कुटुंबानं यावरून मला फार ऐकवलं. "या जमान्यात फ्लश नाही? लाज वाटत नाही?"

जेवणानंतर पपई कापली. त्याच कुटुंबातले साहेब फोडीवर फोड उचलायला लागले. "वा! असली पपई मुंबईत बघायला मिळत नाही. खत कोणतं घालता हो?"

मी ताईंकडे बघितलं. ताई आभाळाकडे बघायला लागल्या.

कमळामावशींनी आणखी एक फोड पुढं केली. "खत ना? तुमच्यासारख्या पावण्यांचीच किरपा!"

•

वीज सोलरची. झोपडीला एक बल्ब, बस! कल्याणच्या एका ऑफिसचा ग्रुप आला तो मोठी म्युझिक सिस्टिम घेऊनच. तिन्हीसांजेला त्यांनी ती लावली. अर्धं गाणं वाजलं आणि सगळा कॅम्प अंधारात!

"जनरेटर लावा," त्यांचा लीडर गरजला.

"जनरेटर नाही," ताई म्हणाल्या. "बॅटरी उद्या उन्हानं भरेल. तोवर कंदील आहेत."

मंडळी अंगणात कुरकुरत बसली. तेवढ्यात समोरच्या उतारावर एक भेकर हरीण भुंकलं. मग पलीकडून दुसरं. सगळे कान टवकारून बसले. कुणीतरी नुसतं खाकरलं, तर तो लीडरच त्याच्यावर खेकसला, "ए, आवाज कमी कर ना!"

•

आता हा शेवटचा.

उन्हाळ्यात खालच्या वाडीची विहीर आटते. आमच्या वरच्या उतारावर ताईंनी बांध घातले, झाडं लावली, म्हणून कॅम्पच्या विहिरीला पाणी टिकतं. मे म्हणजे सुट्ट्यांचा सीझन. पण ताई नेमका तोच महिना कॅम्प बंद ठेवायच्या. वाडीला सांगितलेलं, "या महिन्यात विहिरीचं पाणी तुमचं. मला विचारायचंसुद्धा नाही."

अशाच एका मे महिन्यात भर दुपारी डोंगरावरून वणवा उतरला. वारा आमच्याच दिशेला. वाडीतले बाप्ये धावत आले आणि म्हणाले, "ताई, आधी काय वाचवायचं?"

ताईंनी गवताच्या छपरांकडे एकदा बघितलं. दहा वर्षांची मेहनत होती ती. मग म्हणाल्या, "झोपड्या राहू द्या. वरची झाडं वाचवा!"

ओल्या फांद्या घेऊन आम्ही सगळे वर. ताईसुद्धा. आग झोडपून झोडपून खांदे भरून आले. शेवटी ती बांधाशी विझली. ताईंनी मागं वळून खाली बघितलं. झोपड्या जळून गेल्या असणार, अशीच तयारी चेहऱ्यावर.

झोपड्या उभ्या होत्या. गवतातून पाणी निथळत होतं. वाडीतल्या बाया विहिरीपासून छपरापर्यंत रांग लावून हंडे पुढं देत होत्या आणि शिडीवर, पदर खोचून, कमळामावशी!

ताई धावत खाली आल्या. विहिरीत डोकावल्या. तळाला नुसता चिखल.

"मावशी, अहो काय केलंत हे! पाऊस यायला अजून किती अवकाश आहे! प्यायचं पाणी सगळं ओतून टाकलंत?"

एरवी ताईंना 'अहो-जाहो' करणाऱ्या कमळामावशी शिडीवरूनच ओरडल्या, "गप ऱ्हा गो! पानी आमचं म्हनालीस ना? मंग कुठं वतायचं त्ये आमी ठरवू!"