प्रॉम्प्टरची जागा

लातूरच्या जुन्या थेटराचं आता संग्रहालय झालं आहे. निजामाच्या काळातली तिकिटाची खिडकी, कापडावर रंगवलेले राजवाडे आणि अरण्यं, गॅसबत्त्या, सगळं पुसून मांडून ठेवलंय. रंगमंच मात्र चालू आहे, अधूनमधून नाटक होतं. त्याच्या डाव्या विंगेत प्लॅस्टरचा एक पुतळा उभा केलाय. धोतर, काळा कोट, हातात उघडं पुस्तक. खाली पाटी: प्रॉम्प्टर.

तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला रागच आला. त्या जागेवर मी उभी राहिलेली आहे. आमचे हे मुरुडला मास्तर होते आणि नाटकाचं त्यांना भारी वेड. विंगेत उभं राहून वाक्यं सांगायला हौशी मंडळींत कुणी टिकत नसे, म्हणून मी टिकले. पार अर्धापूरपर्यंत प्रयोग केले. मास्तर काम झकास करतात, असं लोक म्हणायचे. मला काय माहीत? प्रॉम्प्टरचे डोळे पुस्तकात. नवऱ्याचं एकही नाटक मी पाहिलं नव्हतं, नुसती ऐकली होती. आणि आता माझ्या जागी हा बाप्या.

अलीकडे ह्यांना विसरायला होतं. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वेगळं आणि हे वेगळं. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो. तरी त्या थेटरातल्या एका नाटकात त्यांनी म्हाताऱ्या स्टेशनमास्तरचं छोटं काम घेतलं. घरात उठता-बसता पाठांतर. प्रयोगाच्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "यावेळेला तू समोर बस. विंगेत यायचं न्हाई."

"आणि अडलात तर?"

"अडलो तर अडलो. एकदा तरी माझं मला करून बघू दे. पुन्हा कुठं जमायचंय."

मी दुसऱ्या रांगेत बसले. उजेड पडला, हे आले, आणि मी बघतच राहिले. घरात पाय ओढत चालणारा माणूस तिथं ताठ उभा होता. नुसती मान वळवली तरी लोक गप्प होत होते. इतकी वर्षं हे आपल्या हाताच्या अंतरावर चाललं होतं आणि आपण पाहिलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

मग ते अडले. "गाडी आली की..." एवढं म्हणून थांबले. पुढचं वाक्य मला पाठ होतं, अगदी ओठांवर आलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. हे सावकाश डाव्या विंगेकडे गेले, पुतळ्यापुढे कान केला, थोडं थांबले आणि हात हलवत परत आले. "ह्यो बी झोपलाय."

थेटर खळखळून हसलं. समोरच्या नटानं तेवढ्यात स्वतःचं वाक्य उचललं आणि नाटक पुढे गेलं. शेवटी टाळ्या पडल्या. मीही डोळे पुसत वाजवल्या.

मेकअपच्या खोलीत खोबरेल तेलानं रंग काढता काढता हे म्हणाले, "बघितलंस? एकदाबी अडलो न्हाई."

थट्टा करतायत की काय, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"न्हाई अडलात," मी म्हटलं. "लई चांगलं केलंत."

ते खूश झाले. बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "कुठं जायचं, काका?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं घर, त्याचा पत्ता. पण नाटक संपलं होतं, सकाळचं बोलणंही संपलं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "पाण्याच्या टाकीमागं."

"पाण्याच्या टाकीमागं," हे खणखणीत आवाजात म्हणाले.