खडखड वाजतीय तवर

"मेला असला तरी चालंल, भाऊ. फकस्त थरथरता पायजे."

माणसाआधी त्यांचं हे वाक्य दुकानात शिरायचं. माझं जुन्नरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेल्या मोबाइलमधली थरथरणारी इवलीशी मोटर त्यांना हवी असायची. डिंगोऱ्याचे हे गृहस्थ विजेच्या खांबावरून पडल्यापासून कमरेखाली लुळे झाले होते. बाजारच्या दिवशी बायको त्यांना रिक्षातून आणून माझ्या बाकावर बसवायची आणि बाजार करायला जायची.

दात घासायच्या जुन्या ब्रशची दांडी कापायची, पाठीवर मोटर आणि घड्याळाचा सेल चिकटवायचा, की तो काउंटरवर गुरगुरत पळू लागे. नाकासमोर मात्र कधीच नाही. मग हे त्याचे केस बोटाने एका बाजूला वाकवत बसायचे. तुम्ही म्हणाल, या वयात काय खेळ! मीही तेच म्हणायचो, त्यांच्या तोंडावर.

पण तो खेळ नव्हता. त्यांचा गोठा उसाला लागून होता. बिबट्याने वासरू नेलेलं, आणि बायको रोज पहाटे अंधारात एकटी धारा काढायला जायची. हे दारात बसून राहायचे. शेवटी त्यांनी कपडे धुवायच्या ब्रशला मोठी मोटर लावली आणि वर पत्र्याचा डबा बांधला. हा खडखडाट तिच्यापुढे चालत जाईल आणि बिबट्या बाजूला होईल, असा त्यांचा बेत.

मातीवर ते यंत्र जागचं हलत नसे. "मी हातातच नेते," बायकोने मला हळूच सांगितलं. "त्यांना सांगू नका."

एका पहाटे खडखड मध्येच थांबली. सेल उतरला होता. ती गोठ्यामागे शेण टाकायला गेलेली, हाकेला ओ येईना. हे कोपरांवर सरपटत निम्मं अंगण ओलांडून गेले.

पुढच्या बाजारी आले ते दोन्ही कोपरांना पट्ट्या बांधून. मी म्हटलं, असल्या डब्याला बिबट्या कुठला भितोय!

"भीत न्हाई, ठाव हाय मला. ती हातात नेती, ते बी ठाव हाय. खडखड वाजतीय तवर ती हाय, एवढंच."

मला फार वाईट वाटलं. जास्त टिकणारा सेल शोधून दिला, पैसे घेतले नाहीत.

यंदाच्या थंडीत ते गेले. काही दिवसांनी ती एकटीच आली आणि ते यंत्र काउंटरवर ठेवलं. मी न विचारताच नवा सेल घालू लागलो, तर तिने माझा हात थांबवला.

"राहू द्या, भाऊ. आता ऐकाय कोन हाय?"

बिबट्या आहे ना अजून, मी म्हणालो.

"हाय की," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या धारेला उशीर नको म्हणून रिक्षाकडे चालू लागली.