गोल्डफिशची खपली

मामा कुठलाही जीव बघताना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. बरणीतला साप असो की कुंडीतलं रोप, हात मागे, मान पुढे, आणि वाक्य ठरलेलं: "आधी बघा म्याडम. हात घालायला सगळा दिवस पडलाय."

ते आमच्या महाडच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते आणि मी तिथली प्राध्यापिका. तुमच्याही कॉलेजात असे एखादे मामा असतील, ज्यांना कपाटाच्या चाव्यांपलीकडे काही विचारावं असं कुणाला सुचत नाही. मलाही सात वर्षं सुचलं नव्हतं.

नाते गावाजवळच्या वाडीवरून ते एसटीने यायचे. वीस मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्यांना पाणी द्यायचं काम दरवर्षी त्यांच्याकडे असे. प्रत्येक पिंपाचं झाकण उघडून आधी वास घ्यायचे, मगच पेला भरायचे. "आपल्या गावाला तरी पानी कळलं पायजे," म्हणायचे. मला ती त्यांची खोड वाटायची.

आठव्या वर्षी माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. दिवसभर छताकडे बघत पडून राहायचे, म्हणून मी एक गोल्डफिश आणला आणि पलंगाशेजारी टाकी ठेवली. महिन्याभरात अण्णा डाव्या हाताचं बोट काचेला लावायला लागले आणि मासा त्या बोटाशी यायला लागला. घरात तेवढ्याच एका गोष्टीने त्यांना हसू यायचं.

आणि ऐन श्रावणात मासा तळाशी जाऊन बसला. पंख मिटलेले, पाठीवर लाल चट्टा, त्यावर कापसाचा असावा तसा पुंजका. अण्णांनी दोन दिवस बोट लावून पाहिलं, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. जेवणही सोडलं. मासा गेला तर अण्णांचं काय होईल, हे मला सरळ दिसत होतं.

मी पुस्तक उघडलं. पांढरं दिसतंय म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, असं ठरवून औषध आणून ओतलं. मासा आणखीच मलूल झाला. तेव्हा कुठे एम.एस्सी.ची ऐट बाजूला ठेवून मी मामांना विचारलं.

ते संध्याकाळी घरी आले. हात मागे बांधून पाच मिनिटं टाकीसमोर उभे राहिले.

"ठिपके मिठाच्या कणासारके असतात, सुटे सुटे. हा कापूस हाय. बुरशी. पन ती मागनं आली. आधी कातडं भाजलंय." मग वाकून पाण्याचा वास घेतला. "ह्यात काय टाकता?"

"काही नाही. आपले दोन थेंब, क्लोरीनचे."

मोठा पूर येऊन गेल्यापासून आमच्या गावात पाण्याचं भांडं दिसलं की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. पिण्याच्या पाण्यात दोन थेंब, भाजी धुवायच्या पाण्यात दोन, तसेच मी माशाच्याही पाण्यात टाकत आले होते. रोज, आणि प्रेमाने.

मामा हसले नाहीत. अण्णांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "म्याडम, मासा पानी पीत नाय. पान्यात ऱ्हातो."

औषध बंद झालं. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. मासा वेगळ्या टबात. दहा लिटरला दोन मोठे चमचे जाडं मीठ, मगात विरघळवून, थोडं थोडं करून. रोज थोडंसंच पाणी बदलायचं. टब मामांनी अण्णांच्या नजरेसमोर स्टुलावर ठेवला. "अण्णा, राखण तुमची," म्हणाले. अण्णांनी तोंड इकडे फिरवलं. आठवडाभर मामा आपली नेहमीची एसटी चुकवून आमच्याकडे येत राहिले.

पाचव्या दिवशी पुंजका गळला. दोन दिवसांनी मासा पुन्हा टाकीत सोडला, पण चट्ट्याच्या जागी कोळशासारखा काळा डाग उमटला. मी रडकुंडीला आले. "मामा, सडतोय हो तो!"

मामा त्या दिवशी खदखदून हसले. "खपली समजा ती. भाजलेला मासा बरा व्हताना काळा पडतो. आता त्याला सुखानं जगू द्या."

तेवढ्यात मासा वर आला, अण्णांच्या बोटाशी. अण्णांनी मामांचा पाठीमागचा हात ओढून घेतला आणि त्यांचं बोट काचेला टेकवलं. मासा त्याही बोटाशी गेला. माझ्या घरात इतका मोठा माणूस आलाय, या अभिमानाने माझा ऊर भरून आला.

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले आणि चार महिन्यांत अचानक गेले. जलदानविधीला मी वाडीवर गेले. कुणीतरी ओळख करून दिली, "ह्या कॉलेजच्या मॅडम. मामा ह्यांच्या हाताखाली होते."

मी उभी राहिले. "उलटं आहे ते. मी मामांच्या हाताखाली शिकले."

मामी गर्दीतून पुढे आल्या. माझा हात धरून त्यांनी आधी माशाचंच विचारलं, "डाग गेला का गो बाय? ह्ये सारकं त्याचंच बोलायचे."

"गेला. मामा निवृत्त झाल्यावर गेला, त्यांना सांगायचं राहून गेलं. आता सगळा सोनेरी झालाय."

मामींनी पदर सारखा केला, मामांच्या फोटोकडे वळल्या आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत? डाग गेला."