वाळूचा डबा

दुखणं मोजता येतं का, हा प्रश्न मला एकोणिसाव्या वर्षी पडला आणि उत्तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शोधायला लागले. एक टिंब म्हणजे दुखतंय, पण काम होतंय. दोन म्हणजे बसावं लागतंय. तीन म्हणजे उभंच राहवत नाही. त्याच कॅलेंडरवर आई गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहायची. तिने एकदा विचारलं, "ही कसली गो टिंबा?" मी म्हटलं, "अभ्यास." तसं ते खोटं नव्हतं.

घाटकोपरच्या चाळीत आमची एकच खोली. पाळी आली की आई मला मोरीजवळ वेगळ्या चटईवर बसवायची. ताट वेगळं, पांघरूण वेगळं, चार दिवस कशाला शिवायचं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत कोण कोणाला शिवल्याशिवाय राहतं, सांगा. मी दहावीला सायन्समधे चांगले मार्क मिळवलेली, त्यामुळे डोकं भयंकर फिरायचं. "हे असलं खूळ गावाला ठेवून यायचं होतंस," असं मी आईला तोंडावर सांगायचे. एरवी माझ्या हट्टापुढे पाघळणारी ही कोकणातली बाई, पण या एका बाबतीत दगड.

दुखायचं मात्र विचित्र. ओटीपोटातून निघालेली कळ मांडीत उतरायची, उलट्या व्हायच्या, शौचाला बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेजारणी म्हणायच्या, सगळ्यांनाच दुखतं. नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की जाईल. लग्नाने पोटात नेमकं काय बदलतं, असं मी त्यांना विचारलं, तर त्यांनी माझ्याऐवजी आईकडे पाहिलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. घरी येईपर्यंत आई माझ्यापुढे दहा पावलं चालत होती.

मग नोकरी लागली. अंधेरीला एका छोट्या कारखान्यात कॉइल गुंडाळायची, बसने जाऊन येऊन. सहा महिने टेंपररी, काम बरं वाटलं तर परमनंट. आई म्हणाली, महिन्याचे ते चार दिवस रजा घे. मी म्हटलं, "कंपनी काय तुझ्या सासूबाईंची आहे?" आणि ती चटई गुंडाळून माळ्यावर फेकली. पण पहिल्या दोन महिन्यांत माझे दोन खाडे झालेच, तीन टिंबांचे. सुपरवायझरने शांतपणे सांगितलं, "आणखी एक खाडा झाला, तर परमनंटचं विसरा." माझी तर वाटच लागली. बारावीनंतर शिक्षण सोडून मी ही नोकरी धरली होती. ती गेली असती तर पुढचं पाऊल थेट बोहल्यावर पडणार होतं, आणि लग्नाने पोट बरं होतं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

तेव्हा मी शोध घ्यायला लागले. ओवा खाल्ला, एरंडेल घेतलं, पालथं झोपून पाहिलं. यातल्या कशाने किती टिंबं कमी होतात, तेही लिहून ठेवलं. एरंडेलाने उलट एक वाढलं. सगळ्यात गुणकारी ठरला आईचा शेक. तव्यावर जाडं मीठ भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि पोटावर धरायचं. पण कारखान्यात तवा कुठून आणणार?

आमच्या कँटीनमधे जेवणाचे डबे गरम करायची पत्र्याची मोठी पेटी होती. खाली पाणी उकळायचं, वर जाळीवर सगळ्यांचे डबे. एके दिवशी माझा गरम डबा मी मांडीवर घेऊन बसले आणि लक्षात आलं, अरे, शेक तर इथेच तयार होतोय. दुसऱ्या डब्यात मीठ भरून नेलं. कांजूरच्या मिठागरांचं स्वस्त जाडं मीठ, पण वाफेने त्याची ढेप झाली. तांदूळ भरले, तर ते फुगले आणि आंबूस वास यायला लागला. शेवटी चाळीमागे इमारत बांधत होते तिथली वाळू आणली, चाळली, धुतली, वाळवली. वाळू झकास. नॅपकिनात गुंडाळून एप्रनखाली पोटाशी धरली की दोन तास ऊब टिकायची. तिसऱ्या महिन्यात तीन टिंबांचा दिवस मी पूर्ण भरला. दात आवळून, पण भरला.

पाचव्या महिन्यात माझ्या शेजारी बसणारीने चुकून माझा तो डबा उघडला. ती घाटकोपरच्याच टेकडीवरच्या वस्तीत राहायची, तिचे आईवडील अकोल्याकडचे. भर कँटीनमधे ती म्हणाली, "काय गं, वाळू खातेस?" सगळ्या हसल्या. मला इतका राग आला, की मी खरं तेच सांगून टाकलं. पोटावर धरते, नाहीतर बसवत नाही, बस. हसणं थांबलं. तिने डबा बंद केला, हातात तोलून पाहिला आणि हळूच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मला देशील?" त्यानंतर पेटीत वाळूचे दोन डबे दिसायला लागले. ओळखायला त्यांच्या झाकणांवर लाल दोरा बांधायचो.

माझ्या या मैत्रिणीची वहिनी म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात आया होती. तिने मला तिथल्या बाई डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. मी कॅलेंडरची पाच पानं पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, शौचाला बसताना दुखतं का? आजवर मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मला रडूच आलं. बेंबीपाशी छोटंसं छिद्र पाडून दुर्बिणीने पाहावं लागेल, म्हणाल्या. "आणि तोवर ही दुखण्यावरची गोळी दुखायच्या आधी घ्यायची. कधी घ्यायची ते तुमच्या टिंबांवरून तुम्हालाच कळेल." सहावा महिना एका टिंबावर निभावला. परमनंटचं पत्र हातात पडलं आणि पुढच्याच आठवड्यात मी दुर्बिणीसाठी दाखल झाले, रीतसर रजा टाकून. आजाराला नाव होतं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेरच्या बाजूला वाढतं आणि दर महिन्याला सुजतं.

घरी आल्यावर मी आईला हे चित्र काढून समजावलं. तिने ते नाव मला तीनदा म्हणायला लावलं. मग कॅलेंडरजवळ जाऊन म्हणाली, "तीन टिंबा म्हणजे काय गो?"

"उभं राहवत नाही."

तिने त्या तीन टिंबांवर बोट ठेवलं. "माझी तीनच होती," ती म्हणाली. "चारही दिस. सासू पहाटे उठवून कामाक लावी. पण त्या चार दिसांत माका कोण शिवत नाय होता, म्हणान कोण उठवीत पण नाय होता. मी आपली चटईर पडान रवायचंय. म्हटला, माझ्या चेडवाक पण तेवढा तरी मिळांदे."

जिला मी खूळ म्हणत होते, ती आईला मिळालेली एकमेव रजा होती, आणि तिने ती मला देऊ केली होती. मी माळ्यावर चढले, चटई काढली, झटकली आणि मोरीपासून लांब, खिडकीखाली अंथरली.

"जरा पड," मी म्हटलं.

"आता माका काय झाला?" तिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. पण ती पडली, आणि पाचच मिनिटांत तिला झोप लागली.

साडेपाचला नळाला पाणी आलं. हंडे भरणं हे कायम तिचं काम. माझ्या पोटाला टाके होते, म्हणून मी तांब्या तांब्याने पाणी भरलं, भांड्याला भांडं लागू न देता. तिला उठवलं नाही.