सहीसकट!

बुरशी एका ट्रेवर धरली की दोन दिवसांत शेजारच्या ट्रेवर जाते. आमच्या खात्यातले किस्सेही असेच वाढले. मी सातवीतून शाळा सोडलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा. पण हे सांगायला बसलो की थांबत नाही!

साजगावच्या कारखान्यात पेंडसेबाई बुरशी वाढवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली. बुरशीतून निघणाऱ्या एन्झाइमने भाताच्या पेंढ्याची साखर करायची, हे आमचं काम. मालकांनी मुदत दिली होती दिवाळीपर्यंत. नाही जमलं तर खातं बंद, बाई पुण्याला परत आणि मी पुन्हा गोणी उचलायला.

*

घरी आईला काम समजावलं. ती म्हणाली, "बुरशी वाढवाय पगार देतात? आमच्या लोणच्यावर फुकट येते रं!"

*

एका सकाळी पाहतो तर सगळे ट्रे लख्ख! झाडलोट करणाऱ्या हिराकाकू अभिमानाने म्हणाल्या, "बाई, सगळं नासलं व्हतं. फिनेलनं घासून काढलं!"

पंधरा दिवसांची मेहनत गेली. बाईंनी चष्मा पुसला. "काकू, पदर खोचा. ट्रेत भरायला नवा कोंडा भिजवायचाय." एका काचेच्या नळीत बुरशीचं थोडं बियाणं शिल्लक होतं. संध्याकाळपर्यंत तिघांनी सगळे ट्रे पुन्हा भरले.

*

पेंढा आणणारे कशेळ्याचे ठोंबरेमामा दर खेपेला टोमणा मारायचे, "आमची म्हैस पेंढा खाऊन दूध देते. तुमची बुरशी काय देते रं?"

पहिला वाटीभर पाक निघाला, तेव्हा मी त्यांच्या तळहातावर थेंब ठेवला. त्यांनी चाटला, विचार केला.

"गोड हाय. पन म्हैसच बरी!"

*

वाटीभर पाकाने मालकांची खात्री पटली नाही; दिवाळीला आठ दिवस असतानाच त्यांची नोटीस आली. सोमवारपासून खातं बंद. पातळ कार्बन-कॉपीचा कागद, खाली सही. बाईंनी तो वाचून माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "बाई, कागद म्हणजे पेंढ्याचाच भाऊ ना?"

"हो रे. आतला माल तोच."

मी नोटीस फाडून उकळली, एन्झाइमच्या बाटलीत टाकली, बाटली गरम पाण्यात ठेवली. दोन दिवस हलवत राहिलो.

सोमवारी मालक कुलूप घेऊनच आले. "नोटीस मिळाली ना? कुठाय?"

माझे कान तापले. तरी बोललो, "या बाटलीत होती, साहेब."

बाटलीत नुसतं गढूळ पाणी. बाईंनी त्यातलं थोडं नळीत घेतलं, साखर तपासायचं निळं औषध घालून तापवलं. नळी विटकरी लाल झाली, म्हणजे साखर!

मालकांनी कुलूप टेबलावर ठेवलं आणि नळी उजेडात धरली.

"माझी सही होती तिच्यावर."

"होती," मी म्हणालो.

"सहीसकट?"

"सहीसकट, साहेब!"